बिनसाखरेच्या गोळ्या

गिऱ्हाईक कितीही नखरेल असो, आजोबांच्या कंगव्यातून भांग सरळच निघायचा. म्हणून सारी गल्ली त्यांना 'सरळभांग' म्हणायची. केशकर्तनाच्या त्या दुकानात दोन खुर्च्या, एक जरा तिरका आरसा, आणि लहान पोरांना बसवायला खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची फळी. मान न हलवता केस कापून घेणाऱ्या पोराला बरणीतली एक गोळी, हा त्यांचा रिवाज. भोकाड पसरणाऱ्यालाही शेवटी मिळायचीच. "रडायला काय कमी कष्ट पडतात?" असं ते म्हणत.

नात मात्र त्या बरणीकडे नुसती बघायची. तोंडाला खळ नाही म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. मागच्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. औषधांनी थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी किटो आहार सुरू केला. लोणी, साय, अंडी, सगळं काट्यावर तोलून. साखर आणि पीठ जवळजवळ बंद. तिच्या आईने, म्हणजे आजोबांच्या लेकीने, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून टाकली. पण फिट थांबल्या. आहार लागू पडतोय का हे दाखवणारी, लघवीत बुडवायची पट्टी गडद जांभळी आली, की लेक निर्धास्त कामावर जायची आणि शाळा सुटल्यावर टिटवी दुकानात यायची.

"आजोबा, त्या मुलाने मान हलवली. तरी दिलीत!"

"कान शाबूत ठेवून गेला ना? त्याचं बक्षीस."

पोर खुदकन हसली, पण गोळी मागितली नाही. तिचं ते न मागणंच आजोबांच्या काळजाला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पाकीट आणलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'साखरविरहित'. टिटवीला फळीवर बसवून त्यांनी हवेतच कात्री चालवली आणि गोळी दिली. मग रोज एक, दोन, कधी मूठभर.

"आईला सांगायचं?"

"सांगू सावकाश. तिलाही धक्का देऊ."

धक्का बसला, पण भलताच. आधी "माझ्या पोटात कोणीतरी कपाटं सरकवतंय" अशी टिटवीची तक्रार, मग जुलाब. आणि एका संध्याकाळी लेक पांढराफटक चेहरा घेऊन दुकानात शिरली. आजोबा पोस्टमनची दाढी करत होते.

"बाबा, पट्टी फिकी पडलीय. इथे काही खाल्लं का तिने?"

वस्तरा हवेतच राहिला. "गोळ्या. पण साखर नाही गं त्यांत. पाकिटावर लिहिलंय."

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "पुन्हा फिट आली तर?"

"जा तुम्ही दोघं दवाखान्यात," अर्ध्या गालावर साबण घेऊन पोस्टमन म्हणाला. "मी बसतो असाच, अर्धा म्हातारा, अर्धा नवरदेव."

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पाकीट उलटं केलं. "यात माल्टिटॉल आहे. साखर नाही हे खरं, पण त्याचा काही भाग पोटात गेल्यावर साखरच होतो. उरलेला आतड्यात धिंगाणा घालतो."

"म्हणजे पोरीने गोड खायचंच नाही?"

"तसं नाही, काका. सगळे गोड पदार्थ एका माळेचे मणी नसतात. एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया या गोडव्यांनी पट्टीचा रंग सहसा बदलत नाही. पण स्टीव्हियाच्या पुडीतही कधी भर म्हणून साखरेचाच भाऊबंद मिसळलेला असतो. मागची बारीक अक्षरं वाचायची, आणि हिच्यासाठी काहीही आणण्याआधी आम्हाला विचारायचं."

"माझा चष्मा पुढच्या अक्षरांपुरताच होता म्हणायचा," आजोबा पुटपुटले.

गोळ्या बंद झाल्या. पुढचे काही दिवस टिटवीच्या हातून चमचा पडला तरी लेक धावत यायची. बडबडणारी पोर जरा गप्प बसली, की आजोबा कात्री थांबवून तिच्याकडे बघायचे. पट्टी आधी गुलाबी आली, मग जरा गडद, आणि एका सकाळी पहिल्यासारखी जांभळी. फिट आली नाही.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. लेक टिटवीला घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात एक थंडगार डबा.

"साय गोठवलीय, स्टीव्हियाचे थेंब घालून. बाईंना विचारलंय, तिच्या जेवणातच धरलीय. दुपारी एवढीच द्यायची. तुम्ही चाखायची नाही."

"मी कशाला चाखू?"

"बाबा."

"बरं, नाही चाखणार."

"मी लक्ष ठेवीन," टिटवीने बजावलं.

लेक हसली आणि कामावर निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आजोबांनी समाधानाने पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं.