बदाम न घातलेली थंडाई

तालमीत आम्ही दोघे जोडीदार होतो. त्याच्या वडिलांचं मंडईजवळ सुक्या मेव्याचं दुकान होतं, त्यामुळे दर शुक्रवारी त्याची आई आम्हा दोघांसाठी बदामांची पुरचुंडी पाठवायची. मेहनत झाली की तो आखाड्याची माती उकरायचा आणि मी दोघांची थंडाई घोटायचो. कामं वाटून घेतलेली. कुणी कुणाच्या कामात डोकावत नसे.

सगळे बदाम मी माझ्या पेल्यात घालायचो आणि त्याच्या पेल्यात नुसत्या खरबुजाच्या बिया. वर बडीशेप, मिरी, दूध. दोन्ही पेले दिसायला सारखेच. चार महिने हे चाललं. लिहितानाही लाज वाटते.

आणि झालं काय, तर बिया पिऊन तो फुलत गेला. तीनशे बैठकांना बसकण मारणारा गडी हजारावर पोचला. "अम्मीचे बदाम अंगी लागले रे," म्हणायचा. मी दोघांचे बदाम खाऊन पाचशेतच धापा टाकत होतो. चोरी माझी आणि जळतही मीच होतो.

लोणी काळभोरच्या जत्रेतल्या कुस्तीसाठी वस्तादांनी त्याला निवडलं. जत्रा पंधरा दिवसांवर होती. त्याची ती पहिलीच मोठी कुस्ती, आणि वडील दुकान बंद ठेवून बघायला येणार होते. हे तो मला तिसऱ्यांदा सांगत होता, तेव्हा माझी जीभ सुटली.

"बदामांचं कौतुक पुरे. ते मी खाल्लेत. तू चार महिने बिया पितोयस."

वाटलं, मुस्काटात देईल. दिली असती तर मी आज सुखात असतो. तो एवढंच म्हणाला, "अम्मीला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी चारशेला त्याचे पाय थरथरले. मी घाबरलो. त्याच्यासमोर बदाम सोलले, त्याच्यासमोर घोटले, माझा वाटाही त्याच्याच पेल्यात ओतला. पेला रिकामा करून त्याने विचारलं, "आज खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

त्याने मान हलवली. त्याच्या पुढच्या दिवशी तो साडेतीनशेला थांबला. आठवडाभर खरे बदाम प्यायला आणि रोज थोडा थोडा उतरत गेला. शेवटी स्वतःच वस्तादांना म्हणाला, "दुसऱ्या कुणाला पाठवा. माझ्यात दम नाही."

जत्रेच्या दिवशी त्याच्या वडिलांचं दुकान उघडं होतं. मी मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथने गेलो.