डोक्याच्या मागची जखम आणि समोरचा रामदास

"बैल, पेरू, चटई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे तीन शब्द ध्यानात ठेवा. थोड्या वेळानं विचारीन."

मी म्हणे फिदीफिदी हसलो. मेडशीच्या आसपास कुणालाही विचारा, गोष्ट सांगावी तर या सुधाकरनं. एका लग्नाची गोष्ट मी वरातीपेक्षा जास्त वेळ सांगतो. मला तीन शब्दांची काय मातब्बरी?

बाईंनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, माझी बायको मंदा हिला माझ्या झोपेबद्दल विचारलं, आणि माझ्याकडे वळल्या. "सांगा आता."

"काय सांगू?"

"तीन शब्द."

"कोणते शब्द? अन् बाई, तुमी कोण?"

मंदानं तोंडाला पदर लावला. बाई म्हणाल्या, "अँटेरोग्रेड अ‍ॅम्नेशिया." म्हणजे मार लागल्यानंतरचं नवं काही डोक्यात टिकत नाही. सीटी स्कॅनमध्ये कंट्युजन दिसलं होतं. म्हणजे मेंदूला मुका मार.

हा सगळा प्रसंग मला मंदानं सांगितला. माझ्या डोक्यात तो नाही. या हकिकतीतला बराच माल असा उसना आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मार कसा लागला? हरभऱ्याची पेरणी चालू होती. माझा चुलतभाऊ रामदास याच्या ट्रॅक्टरनं आमच्या दोघांच्या वावरामधला धुरा खाल्ला. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली न नांगरायची पट्टी. आमच्याकडे माणसं बायकोचं माहेर सोडतील, धुरा सोडणार नाहीत. मी ट्रॅक्टरपुढे आडवा झालो. माझा धाकटा भाऊ गजानन बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा उभा दांडका, उपसून धावला. रामदासनंही उभारी उपसली. त्याचे दोन साळे आले. दगड उडाले, शर्ट फाटले, एकाचा दात मातीत पडला. इथपर्यंत मला लख्ख आठवतं. पुढं एकदम वाशीमच्या दवाखान्याचा पंखा.

आता दवाखान्यातला तमाशा ऐका. मी शुद्धीवर यायचो आणि विचारायचो, "मले काय झालं?" मंदा सांगायची, "वावरात मारामारी झाली, डोक्यात उभारी बसली." की मी बिछान्यातून उसळायचो! सलाईन उपटायचो, भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या, रामदासचा जीव घेतो म्हणून दाराकडे धाव. वॉर्डबॉय मामांनी मला धरलं तर त्यांच्या दंडाचा चावा घेतला. मग दमून पडायचो. डोळे उघडायचे आणि पुन्हा, "मले काय झालं?" तोच राग, तितकाच ताजा, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मंदानं युक्ती काढली. एकदा सांगितलं, "अहो, बैलानं ढुसलं." मी बैलाला कापायला निघालो.

ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांनी भिऊ नये. तो तुमच्यावर चिडत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते.

डॉक्टरीणबाईंनी मंदाला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शॉर्ट टर्म मेमरी म्हणजे खळं. आत्ता ऐकलं, पाहिलं, ते तिथं पडतं. थोडंच मावतं आणि वारा आला की उडतं. लाँग टर्म मेमरी म्हणजे कोठार. तिथला माल वर्षानुवर्षं राहतो. म्हणूनच मला आईच्या हातचं पिठलं आठवत होतं, पण सकाळचा चहा नाही. खळ्यावरचं पोत्यात भरून कोठारात नेणारा हमाल मेंदूत बसलेला असतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. माझा हमाल उभारीच्या तडाख्यानं आडवा झाला होता.

हळूहळू हमाल उठला. एका सकाळी मी मंदाला म्हणालो, "कालची खिचडी खारट होती." ती हसता हसता रडायला लागली. काल आठवला होता!

आणि तिथून खरी मारामारी सुरू झाली.

गजानन माझ्या उशाशी ठाण मांडून होता. आपली उभारी त्यानं चटईत गुंडाळून माझ्या खाटेखाली सरकवली होती. तो मला रोज घोकवून घ्यायचा. "दादा, तुले रामदासनंच मारलं. ठाण्यातला जमादार बयान घ्याले येईन तवा तेच सांग. तू नाव घे, पुढचं मी पाहतो. त्याचे हातपाय तोडून धुऱ्यावरच गाडतो."

त्यात भेटायला येणारी माणसं. बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि विचारायचं, "कसं झालं बापा?" मी गोष्ट सांगणारा माणूस, मला उशीला टेकवून बसवलं की रंगमंचच तो. पहिल्या दिवशी म्हणालो, "रामदासनं मारलं म्हणतात." पुढं 'म्हणतात' गळालं. मग रामदासचे डोळे लाल झाले. मग त्याच्या तोंडाला फेस आला. किन्हीराजा गावच्या मावशी आल्या तेव्हा तर मी त्याच्या शर्टाचा रंगही सांगितला. आणि मजा ही, की मला ते दिसायला लागलं होतं! डोळे मिटले की रामदास समोर, उभारी वर, रक्ताची चव तोंडात. माझ्या मुठी आवळायच्या. गजाननला मीच म्हणालो, "आज बयान होऊ दे. संध्याकाळी जा."

त्याच दुपारी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. मी त्यांनाही प्रयोग करून दाखवला. लाल डोळे, फेस, उभारी, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"फार छान सांगता. आता मान वळवा." त्यांनी माझ्या डोक्याच्या मागच्या टाक्यांवर बोट ठेवलं. "समोर उभ्या माणसानं इथं कसं मारलं?"

मी टाके चाचपले.

"तुम्ही वळला असाल, काहीही झालं असेल," त्या म्हणाल्या. "पण त्या क्षणाची आठवण तुमच्या डोक्यात टिकलेलीच नाही. याला रेट्रोग्रेड अ‍ॅम्नेशिया म्हणतात, मारापूर्वीचं थोडं पुसलं जातं. तुम्हाला दिसतो तो चेहरा ऐकून ऐकून बनलाय. आठवण बाहेर काढली की ती परत ठेवताना माणूस त्यात काहीतरी मिसळतो. आणि तुम्ही तर रोज दहा जणांपुढे काढता."

बाई गेल्या. मी गजाननकडे पाहिलं.

"गज्या, मारामारीत तू कुठी होतास?"

"काहून?"

"सांग नं."

"तुह्या मांगंच. त्या रामदासवर उभारी उगारून—"

तो थांबला. खाटेखालच्या चटईकडे त्यानं पाहिलं, मग माझ्या टाक्यांकडे. "दादा, म्या नाही," म्हणाला. मग फार हळू, "कोणाची उभारी बसली, मले बी दिसलं नाही."

त्यानं मंदानं आणलेला डबा उचलून भिंतीवर आपटला. भाजी उडाली, पलीकडचा पेशंट ओरडला. गजानन कपाळ भिंतीवर हाणायला लागला. मी खाटेवरून उतरलो आणि माझा तळहात त्याच्या कपाळाच्या आणि भिंतीच्या मध्ये घातला. त्या हाताची बोटं अजून दुखतात.

जमादार आले. "कुणी मारलं?"

"साहेब, माहीत नाही. भांडण आठवते, मार आठवत नाही."

"घाबरू नका."

"घाबरून नाही साहेब, माहीतच नाही."

खाटेखालची उभारी कुठं गेली ते मी विचारलं नाही. मामांनी सांगितलं, कॅन्टीनच्या चुलीत एक माणूस लाकूड घालून गेला. मामांच्या दंडावर माझे दात उमटलेले होते, तरी मला धरून संडासला तेच न्यायचे. त्यांचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, मंदाचे तर नाहीच.

सुट्टी होऊन घरी आलो तेव्हा रामदास अंगणात उभा होता. निम्मा झाला होता. मंदा आत जाऊन काठी घेऊन आली, मी तिला थांबवलं.

"सुधाकर," तो म्हणाला, "सारं गाव म्हणून राह्यलं, मी मारलं. घरचे बी म्हणतात. आता मले बी दिसते रे, उभारी तुह्या डोक्यात बसताना. आदी दिसत नव्हतं. खरं सांग, म्याच मारलं काय?"

मी पाठ वळवून त्याला टाके दाखवले. "तू समोर होतास, अन् टाके हे मांगं."

त्यानं खडबडीत बोट टाक्यांवर फिरवलं आणि मटकन ओट्यावर बसला. गजानन दारात उभा होता. तो आत गेला, पाण्याचा लोटा घेऊन आला आणि रामदासच्या हातात दिला.

आता लोक गोष्ट सांग म्हणतात. मी ट्रॅक्टर सांगतो, दगड सांगतो, मातीत पडलेला दात तर दोनदा सांगतो. उभाऱ्या वर जातात आणि मी थांबतो.

"मंग? मंग काय झालं?"

"मंग," मी म्हणतो, "पंखा."