जाळी न पडणारा साग

पावसाळा उतरणीला लागला, की आलापल्लीच्या रोपवाटिकेत येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती रज्जाकभाई सागाची दोन पाने देत आणि ती सूर्यासमोर धरायला लावत. एका पानाची अळीने जाळी केलेली असे. त्यातून ऊन सरळ डोळ्यांत येई. दुसरे अखंड, गर्द. "हे माह्या झाडाचं," ते म्हणत. पाहुणा वरिष्ठ अधिकारी असला तरी त्याची सुटका नसे.

सभोवतालचे सागवान त्या दिवसांत वणवा फिरल्यासारखे दिसे. मधोमध एकच झाड हिरवे. त्या झाडाचे डोळे, म्हणजे सालीसकट अंकुर, काढून साध्या सागाच्या खुंटावर भरायचे आणि तशीच निरोगी रोपे तयार करायची, हे त्यांचे काम. मी तेथे वनक्षेत्रपाल होतो. रज्जाकभाई ब्रह्मपुरीच्या सुतार घराण्यातले, बोलण्यात ताठ. एखाद्या मजुराचा हात चुकला, की विचारत, "डोळा भरून राह्यला, का शर्टाले बटन लावून राह्यला?"

चामोर्शीजवळच्या खेड्यातला तुळशीराम हा धानाचा शेतकरी त्यांचा जुना मित्र. बांधावर साग लावायला तो कचरत होता. तेथे वडिलांनी राखलेले मोहाचे झाड होते आणि त्याची सावली आड येत होती. "तोड बिनधास्त. माह्या सागाले रोग लागला त माही जबान काट," असे रज्जाकभाईंनी त्याला माझ्यादेखत सांगितले. मोह तुटला. मित्रासाठी त्यांनी वाफ्यातली सर्वांत उंच रोपे स्वतः निवडली.

चूक तेथेच झाली. त्या उन्हाळ्यात काही रोपांचे भरलेले डोळे जळाले होते आणि खालच्या खुंटालाच फुटवे आले होते. खुंटाचा, म्हणजे साध्या सागाचा, फुटवा जोमाने वाढतो. उंच रोपे तीच होती. रोप देण्यापूर्वी डोळा भरल्या जागेचा सांधा बोटांनी चाचपून पाहायचा, हा नियम रज्जाकभाईंचाच. मित्राला भरघोस रोपे देण्याच्या आनंदात तोच राहून गेला.

काही वर्षांनी तुळशीरामच्या सागांवर जाळी पडली. तो तक्रार घेऊन आला नाही. बाजारातून परतलेल्या वनरक्षकाकडून आम्हांला ते कळले. यंदा अळीच फार आहे असे सांगता येईल, असे मी सुचवले. रज्जाकभाई जीपमध्ये जाऊन बसले.

तुळशीरामच्या बांधावर त्यांनी एका सागाच्या बुंध्याशी माती उकरली, सांधा पाहिला आणि उठून उभे राहिले.

"झाडानं धोका नाई देल्ला, तुळशीराम. म्या देल्ला. पाहाले पाह्यजे होतं, नाई पाह्यलं."

तुळशीरामने मोहाच्या बुडख्याकडे पाहिले. "माही माय अजून टोपली घेऊन तिथीच जाते, भाऊ," तो म्हणाला. "फुलं येचाले. मंग वापस येते."

रज्जाकभाईंची मान खाली गेली. मी जीपकडे पाहू लागलो.

पुढच्या पावसात ते मोहाचे रोप घेऊन गेले. याला फूल यायला दहा-बारा वर्षे लागतील, तोवर आपण असू की नाही ठाऊक नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. "मंग तवरक दरसाल येऊन पाहात जा," तुळशीराम म्हणाला.

ते जात राहिले, निवृत्तीनंतर ब्रह्मपुरीहून. तुळशीराम खाट टाकी. रज्जाकभाई तिच्यावर बसत नसत. उन्हात उभे राहून रोपाभोवतीचे गवत काढत आणि परतीची गाडी धरत.

एका वर्षी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते तिकडेच निघाले होते. शरीर पार खंगले होते. चपला घालतानाही भिंतीचा आधार लागत होता. यंदा मी जाऊन पाहून येतो, असे मी म्हणालो.

"नाई, साहेब. शरम माही हाय. तुमच्या हाती कशी धाडू?"

मी त्यांना गडचिरोलीच्या गाडीत बसवून दिले. ती शेवटची भेट. मोहाला फूल आले ते त्यांच्या पश्चात. तुळशीरामची आई तोवर राहिली नव्हती.