नदीकाठचा आंबा आणि पाण्याखालचा धक्का

माझा थोरला भाऊ वास्कोच्या बंदरात पाणबुड्या होता. जहाजांचे तळ घासण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त होऊन आमच्या गावी, चोपड्याला आला आणि नदीच्या मुखाशी बुड्या मारू लागला. समुद्री लुटारूंची गलबतं जिथे लपायची ते बंदर इथेच गाळाखाली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. एका संध्याकाळी तो ओलाच घरात आला आणि म्हणाला, "धक्का सापडला. घडीव दगड, पायऱ्यासुद्धा. उद्या चल माझ्याबरोबर." मी पेपर तपासत होतो. पुढच्या रविवारी येतो म्हणालो. तसे बरेच रविवार गेले.

आषाढात तो हृदयविकाराने गेला.

आमच्याकडे चितेला घरचा आंबा तोडतात. माणसांनी विचारलं, कुठला तोडायचा? परसात एक अर्धा वाळलेला होता. मी नदीकाठचा दाखवला, कारण भाऊ त्याच्याखाली बसायचा. त्याचाच आंबा त्याच्याबरोबर जावा, एवढंच तेव्हा सुचलं.

बुड्यांच्या नोंदींची त्याची वही माझ्या टेबलावर पडून राहिली. हाती येईल ते वाचणारा मी, तिचं पान उलटवू शकलो नाही. भावाने ज्यांना शोधाबद्दल कळवलं होतं त्या पुण्याच्या पुरातत्त्व पथकाने पावसाळा सरल्यावर पत्र पाठवलं, की शोधाला दोनच दिवस आहेत. धक्का सापडला नाही तर त्या पट्ट्यातला गाळ यंत्राने उपसायला रेती काढणाऱ्यांना परवानगी मिळेल. तरीही मी वही उघडली ती शोधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, होडीत बसल्यावर. पहिला दिवस अंदाजाने बुड्या मारण्यातच गेला होता.

भावाने जागेचे आकडे कुठेच लिहिले नव्हते. रेती काढणाऱ्यांच्या हाती पडतील अशी त्याला धास्ती होती. त्याने रापणीचं जाळं ओढणाऱ्या कोळ्यांसारख्या किनाऱ्यावरच्या खुणा लिहिल्या होत्या. मी मोठ्याने वाचलं : "किल्ल्याचा कोपरा नजरेने काळ्या खडकावर आणायचा. त्या रेषेत पुढे जात राहायचं. आपला आंबा देवळाच्या कळसाला टेकलेला दिसला की नांगर टाकायचा."

होडीवाला आमच्या शेजारचाच. त्याने किनाऱ्याकडे पाहिलं आणि वल्हं थांबवलं.

"परत वाचा, मास्तर."

मी परत वाचलं.

"आंबो आमीच तोडलो मरे," तो म्हणाला. कुऱ्हाड त्यानेच चालवली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सगळ्या गांवाचीं पत्रां वाचून दितात तुमी. आनि भावाची वही आज उगडली?"

पथकाच्या प्रमुख बाई पुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बुंधा असेल ना? तिथे उंच काठी धरा. आम्हाला रेषा मिळेल."

मला किनाऱ्यावर सोडून होडी परत गेली. मी बांबूला भावाचा लाल पंचा बांधला. पण बुंधा नव्हता. श्रावणात काठ ढासळला तेव्हा तो नदीत गेला होता, हे मला ठाऊक होतं; होडीत सांगायचा धीर झाला नव्हता. जन्मभर ज्या झाडाखालून गेलो ते नेमकं कुठे होतं? कपडे धुवायच्या दगडापासून किती पावलांवर? मी डोळे मिटून पाहिलं. सावली आठवली, भाऊ आठवला. जागा आठवली नाही.

"हांगाच?" इथेच का, म्हणून होडीवाल्याने पाण्यावरून हाक दिली.

मी बांबू उभा धरला. होडी थांबली, पाणबुडे उतरले, वर आले. बाईंनी फोन केला. "नुसता चिखल आहे, सर. खूण बरोबर आहे ना?"

"जरा चुकली," मी म्हणालो आणि दहा पावलं सरकलो. पुन्हा चिखल. मग उलट्या बाजूला गेलो. पुन्हा तेच. भरती चढू लागली, पाणी माझ्या घोट्यांवर आलं.

"मास्तर, आनी कितलें सरकतलात?" होडीवाला ओरडला.

फोन परत वाजला. "ही शेवटची बुडी, सर. प्रवाह वाढलाय. नक्की सांगा."

मला काहीच नक्की माहीत नव्हतं. तसं म्हणालो असतो तर होडी फिरली असती आणि ती जागा शोधायला पुन्हा कुणी आलं नसतं.

"आणखी थोडं डावीकडे," मी म्हणालो आणि बांबू घट्ट धरून पाण्यात आणखी आत गेलो.