सुनंदाताईंनी ठेवलेला बिघाड

सुनंदाताईंच्या भावाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत त्यांच्याच यंत्रावर चरफडत होतो. "सर, ताई गेली हो... चहा ठेवला अन् तशीच खाली बसली." माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, पण बिघाड कुठे आहे ते सांगितलंच नाही त्यांनी!"

आम्ही दोघं नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र, शिकवायचो. बाजारातले तयार संच ताईंना मुळीच आवडत नसत. "बंद डब्यातून पोराईले काय दिसन?" म्हणत त्या लकडगंजहून फळ्या आणायच्या, इतवारीतून पत्रे, मोडक्या प्रिंटरमधल्या मोटारी, आणि सगळं उघडं मांडायच्या. पट्ट्यावरून डबी येते, सेन्सरचा डोळा तिला पाहतो, हवेचा दट्ट्या तिला बाजूला ढकलतो. एवढंच यंत्र, पण पोरं खुळावून बघत राहायची.

प्रत्येक तासाआधी ताई त्यात मुद्दाम एक बिघाड करून ठेवत. कधी सैल केलेली तार, कधी मुडपलेली नळी. तो पोरांनी शोधायचा, आणि तास संपला की ताई स्वतः हसत हसत दाखवायच्या. अट एकच, हात लावण्याआधी नीट बघायचं. ताई विणकराच्या घरातल्या. मागावर धागा तुटला की त्यांचे वडील आधी नुसतं बघत बसायचे म्हणे. म्हणून कुणी पेचकस उचलला की ताई ओरडायच्या, "काहून हात घालून राहिला गा? अगोदर पाह्य!" शेवटच्या संध्याकाळी मलाच म्हणाल्या, "उद्या तुले शोधा लागन. मी सांगणार नाही." आणि खरंच सांगितलं नाही.

प्राचार्यांनी बजावलं, महिनाअखेर यंत्र चाललं तर ठीक, नाहीतर खोली रिकामी करा, पडद्यावर शिकवू. ताईंची सगळी यंत्रं भंगारात जाणार! मी वेड्यासारखा तुटून पडलो. तारा बदलल्या, हवेची झडप उघडली, प्रोग्राम पुन्हा लिहिला. दट्ट्या ढिम्म. रिकाम्या खोलीत मी चक्क हात जोडले, "ताई, एकदा सांगा ना..." कुणाला सांगत होतो मी?

खोली रिकामी करायला माणसं दारात आली, त्यांच्यामागे पोरंही जमली. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून स्टूल ओढून नुसता बघत बसलो. सेन्सरच्या काळ्या डोळ्यावर गडद मरून रंगाची एक टिकली चिकटलेली दिसली.

तोंड धुताना ताई कपाळावरची टिकली समोर दिसेल तिथे चिकटवत. कपाटावर, ड्रिलिंग मशीनवर, कुठेही. मग हा माझा धडा होता, की त्यांची सवय? मी ती नखानं काढली, बटण दाबलं. डबी आली आणि दट्ट्यानं तिला अलगद ढकललं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, खोली वाचली. मी मात्र बाहेर जिन्यात जाऊन ढसाढसा रडलो. धडा की सवय, हे आता मला कोण सांगणार?

आता प्रत्येक तासाआधी मी ती टिकली पुन्हा त्या डोळ्यावर लावतो. पण गोंद सुटत चाललाय. काल ती काही केल्या टिकेना, तेव्हा मी बोटानं दाबून धरून उभा राहिलो. बिघाड पोरांना समोर दिसत होता... तरी 'सर, हात काढा' असं कुणीच म्हणालं नाही.