पंखा थांबला की हात सुटतो

एलिएसेर फोन्सेकाबद्दल गोड बोलायला मला सांगू नका. आमच्या मांसानियो गावातली निम्मी माणसं ते काम फुकटात करतात. "बाई, तुमचा एलिएसेर फोनवर जगातल्या भल्याभल्यांना लोळवतो," असं मला मासळीच्या रांगेत ऐकवतात. लोळवतो ना, मी कुठे नाही म्हणते? दुधाचे दात पडत होते तेव्हापासून हा माझ्या हाताखाली होता. पटावर हत्ती कुठे ठेवायचा हे मी त्याला शिकवलं, आणि डोकं कुठे ठेवायचं हेही शिकवलं. पहिलं तेवढं त्याने लक्षात ठेवलं.

माझ्या बुद्धिबळाच्या वर्गात एक शिस्त होती. खेळी सुचली की लगेच हात पुढे न्यायचा नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबायचे आणि पट परत बघायचा. बाकीची पोरं मुकाट बसायची. हा बसायचा, पण चुळबुळ अशी करायचा की खुर्ची कुरकुरायची. तरी सांगते, त्याच्यासारखी नजर दुसऱ्या कुठल्या पोराला नव्हती. दुसऱ्याच्या राजाभोवतीची फट त्याला लांबून दिसायची.

मग फोन आला आणि आमचं सगळं मुसळ केरात गेलं.

आमच्याकडे वीज कधी जाईल हे वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं. घरातला पंखा मंदावला की समजायचं, गेली. वीज गेली की थोड्याच वेळात फोनचा टॉवरही मान टाकतो, आणि टॉवर गेला की फोनवरचा डाव हरला म्हणून लिहिला जातो, मग तुम्ही कितीही जिंकत असा. एलिएसेर बर्फाच्या कारखान्यावर पहारा द्यायचा आणि उरलेला जन्म त्या फोनवर काढायचा. त्याने काय केलं? पंखा थांबल्यापासून टॉवर जाईपर्यंतच्या वेळात डाव संपवायला शिकला. वजीर फेक, घोडा फेक, शह दे, परत शह दे, समोरच्याला दम खाऊ देऊ नको. शेवटच्या प्याद्यांपर्यंत पोचायची त्याला कधी वेळच आली नाही. वीजच तेवढी टिकत नव्हती, तर शिकणार कुठून?

त्याची बायको पोरीला घेऊन मेक्सिकोत मेरिदाला गेली, तेव्हा हा "मागून येतो" म्हणाला. का, तर फोनवर कसलीशी स्पर्धा होती. ते मागून काही आलंच नाही. बायकोने तिकडे दुसरं लग्न केलं. पोरगी, दायलीन, तेव्हा शाळेत होती, आता दातांच्या दवाखान्यात काम करते. तिला बुद्धिबळाचा मनापासून कंटाळा. तरी ती रोज बापाशी फोनवर एक डाव खेळते आणि हरते, कारण नुसत्या गप्पा मारायला याला जमत नाही. खेळता खेळता दोन वाक्यं बोलतो, तेवढीच.

लहानपणी हीच दायलीन आमच्या क्लबात बापाची वाट बघत झोपून जायची. क्लब कसला, बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान. चार टेबलं, एक शेगडी, आणि रशियन लोकांच्या वेळचा लोखंडी पंखा. तो फिरतो कमी आणि खडखडतो जास्त. गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. पोरगी बरोबर त्याच्याखाली बाकावर आडवी व्हायची, आणि पंखा बंद केला की दचकून उठायची.

आमच्या क्लबाची एक रीत आहे. महत्त्वाचा डाव जो हरेल, त्याने सगळ्यांसाठी कॉफी करायची, स्वतःच्या हाताने वाढायची आणि मधल्या खुर्चीत बसायचं. मग आम्ही त्याच्या खेळाची चिरफाड करतो. सगळ्यांचे कप रिकामे होईपर्यंत त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. मेलेला माणूस बोलत नाही, म्हणून आम्ही तिला मयताची कॉफी म्हणतो. बोलला तर वर्षभर पटाला हात लावायचा नाही. क्लबातल्या नाही आणि दुसऱ्या कुठल्याही नाही. फोन बघायला कोण जातंय म्हणा, पण शब्द दिला की पाळतात. चांगली चांगली माणसं त्या खुर्चीत रडली आहेत. मी रडले नाही, पण मला फार वेळा बसावंही लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मेरिदाच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. चार खेळाडू पाठवा, तिकीट आमचं, राहणं आमचं. तिघांची नावं लगेच ठरली. चौथ्या जागेसाठी दोघे उरले, एलिएसेर आणि निवाल्दो. निवाल्दो म्हणजे औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेला म्हातारा. गळ्याला बाराही महिने रुमाल. खेळतो असा की बघणाऱ्याला डुलकी लागावी, पण फुकट काही देत नाही. ठरलं, रविवारी दुपारी एकच डाव, जो जिंकेल तो जाईल.

एलिएसेरने दुसऱ्याच दिवशी बॅग भरली. गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली. नवा सदरा, पोरीसाठी पेरूच्या वड्या, आणि तिच्या लहानपणच्या रिबिनी. इतकी वर्षं त्याने जपून ठेवल्या होत्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"अरे, आधी जिंक तरी," तातो न्हावी त्याला म्हणाला. दुकान गेलं तरी आम्ही त्याला न्हावीच म्हणतो.

"निवाल्दोला?" एलिएसेर हसला. "त्यांची दुसरी खेळी होईपर्यंत माझं विमान उतरलेलं असेल."

आणि त्याच आठवड्यात तो सरावाच्या डावात तातोकडून हरला. तातोकडून! ज्याला उंट तिरका जातो हे अधूनमधून आठवावं लागतं. वजिरांची मारामारी झाली, पट मोकळा झाला, आणि हा जांभया देत देत प्यादी हरवून बसला. सराव असला तरी तातोने हट्टच धरला, मयताची कॉफी पाहिजे म्हणजे पाहिजे. त्याला तरी परत कधी मिळणार होती?

एलिएसेरने कॉफी केली, वाढली, बसला. बोलायची पहिली पाळी माझी असते.

"याचं चांगलं आधी सांगते," मी म्हटलं, "म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. हल्ला करावा तर यानेच. समोरचा राजा जरा उघडा पडला की हा त्याला सोडत नाही. वजीर बळी देताना बहुतेकांचे हात कापतात, याचा कापत नाही. मग समोरचा घाबरतो, घड्याळाकडे बघतो, आणि हा त्याला खातो. हे याचं बळ आणि हेच याचं दुखणं. हा पटाशी खेळतच नाही, माणसाच्या भीतीशी खेळतो. न घाबरणारा कुणी समोर बसला की याची झोळी रिकामी. शेवटाला राजा आणि चार प्यादी उरली, की हा चुकीच्या गावात उतरल्यासारखा इकडेतिकडे बघतो. आणि स्वतःचा राजा कुठे उभा आहे, हे याला शह बसल्यावर कळतं."

"मग सुधारायचं कसं?" तातोने विचारलं. सल्ला द्यायची ऐट त्याला पहिल्यांदाच मिळत होती.

"फोन बंद. हात मांडीखाली. आणि रोज नुसती प्यादी घेऊन बसायचं. पण याचं खरं दुखणं वेगळंच आहे. पंखा थांबला की याचा हात सुटतो. विचार झालेला असो नसो. घरी पंखा थांबला म्हणजे डाव गेला, इतकी वर्षं तेच. आता डोकं विचारायलाच जात नाही, हात आपला आपण खेळतो."

एलिएसेर खाली बघत होता. कान लाल झाले होते. त्याला काही म्हणायचं होतं, पण कप रिकामे नव्हते.

निवाल्दोने रुमाल सारखा केला. "कुठलाही पंखा थांबला तरी?" त्याने विचारलं.

"कुठलाही," मी म्हटलं.

खरं तेच बोलले मी. मयताच्या कॉफीला खोटं बोलायचं नसतं.

रविवारी एलिएसेर अंघोळ करून, केस चापून आला. निवाल्दो नेहमीसारखा आला. पंखा खडखडत होता, शेजारच्या घरात रेडिओवर गाणी चालली होती. डाव सुरू झाला आणि मी चकित झाले. एलिएसेर दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता. खेळी खेळायचा, की परत हात मांडीखाली. निवाल्दो विचार करत असताना हाही विचार करत होता. असलं काही मी त्याच्यात कधी बघितलं नव्हतं. हळूहळू त्याने एक प्यादं जिंकलं, मग आणखी एक. वजीर समोरासमोर आले. आता वजिराने वजीर मारायचा, आणि जास्तीची प्यादी घेऊन सावकाश चालत जायचं, इतकंच उरलं होतं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. एवढं आयुष्य गेलं आणि पोराने शेवटी ऐकलं, असं वाटलं.

तो ती खेळी परत परत तपासत होता. ओठ हलत होते. हात मांडीखाली.

निवाल्दो खोकला. रुमाल घट्ट करत उठला. "या वाऱ्याने घसा धरलाय माझा," म्हणाला आणि भिंतीपाशी जाऊन त्याने पंख्याचं बटण बंद केलं.

खडखड मंदावली. एलिएसेरचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला. त्याने डोकं वर केलंच नाही. वजीर उचलला आणि निवाल्दोच्या राजासमोरच्या प्याद्यावर आपटला. शह!

तेवढ्यात पंखा पूर्ण थांबला. खोलीत शांतता झाली आणि शेजारचा रेडिओ स्पष्ट ऐकू आला. एलिएसेरने रेडिओचा आवाज ऐकला, म्हणजे वीज गेलीच नव्हती. मग बटणाकडे बघितलं. मग निवाल्दोकडे, आणि मग माझ्याकडे. मी पटाकडे बघितलं.

निवाल्दो जागेवर येऊन बसला. न घाबरता त्याने राजाने तो वजीर मारला. एलिएसेरने घोड्याचा शह दिला. हत्तीचा दिला. मग शह संपले.

"हे बरोबर नाही," तातो पुटपुटला.

"कुठल्या नियमात?" निवाल्दोने विचारलं. "घसा माझा, पंखा क्लबाचा."

"तुम्हाला तिकडे जायचंय तरी कशाला? कोण आहे तुमचं मेरिदात?"

"कुणी नाही," निवाल्दो म्हणाला. "जिंकायचं होतं."

एलिएसेरने हात मिळवला, उठला, शेगडी पेटवली. कॉफी करताना त्याची पाठ आमच्याकडे होती. मग त्याने एकेक कप प्रत्येकाच्या हातात दिला, माझ्याही, आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसला. निवाल्दोने पंखा परत सुरू केला. घसा बरा झाला होता म्हणे.

मी बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात टेबलावरचा एलिएसेरचा फोन वाजला. दायलीनचं नाव सगळ्यांनी वाचलं. आज डाव आहे हे तिला ठाऊक होतं. बाप कधी पोचतोय, हेच ती विचारणार होती.

मी बोटाने नाही अशी खूण केली. एक फोन राहिला तर काय बिघडतं? कप रिकामे झाल्यावर त्याला करता आला असता. दहा वेळा करता आला असता. पण त्याचा हात आधीच सुटला होता. फोन कानाला लागला होता.

"दायलीन? अगं, लाइट गेलीय इथे. टॉवर जाईल आता. नंतर बोलतो, हं? नंतर."

त्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून ती ओरडूनच बोलली, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"पपा, क्लबातल्या पंख्याचा आवाज येतोय."

त्याने फोन बंद केला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

निवाल्दोच्या कपात अजून अर्धी कॉफी होती. "बोलला," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तातो मान हलवून नको नको म्हणत होता. पण निकाल द्यायचा मान माझा आहे, आणि तो मी कुणाच्या रडक्या तोंडाकडे बघून देत नाही.

"बोलला," मी म्हटलं. "वर्षभर पटाला हात नाही. फोनवरच्याही नाही."

"पोरीशी रोजचा डाव असतो, बाई," तो म्हणाला.

"नुसतं बोल तिच्याशी."

त्याने मान हलवली. मग उठून कप गोळा करायला लागला. तातोचा घेतला, निवाल्दोने राहिलेली कॉफी घोटात संपवली, त्याचाही घेतला. माझा कप भरलेला होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, बाकीचे कप हातात धरून.

कॉफी चांगली झाली होती. मी सावकाश प्यायले.