इराकातून आलेला गरुड

लढाईच्या काळात आम्ही कोल्हारला राहत होतो. हे तिथल्या शाळेत मास्तर होते. माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. तो इराकातून रजेवर आला, तेव्हा रुमालात बांधलेली एक वस्तू त्याने माझ्या हातात ठेवली. दोन बोटांएवढी काशाची पट्टी. तिच्यावर उभा माणूस, पाठीला पंख, तोंड गरुडाचं, हातात बादली. पिसं इतकी बारीक कोरलेली की नखाला लागायची.

"आक्का, लई जुनं हाय. असीरियाच्या राजांच्या काळातलं, आमचा सायेब म्हनला. जपून ठेव."

मला तो विष्णूचा गरुडच वाटला. चिंचेने घासून मी तो देव्हाऱ्यात ठेवला. हे हसायचे. "गरुडाच्या हातात बादली? विष्णूच्या घरी पाणी भरतो वाटतं."

एका सकाळी तो देव्हाऱ्यात दिसेना. हे म्हणाले, "निर्माल्याबरोबर प्रवरेत टाकलास तू." निर्माल्य मीच सोडत असे, म्हणून मला पटलं. रोज जाऊन मी काठची वाळू उपसायची. एकदा हे मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पुरे आता. सापडायचं नाही."

पुढे यांची बदली राहात्याला झाली, यांना हवी होती तशी. संक्रांतीचं हळदीकुंकू शाळा तपासणाऱ्या साहेबांच्या घरी होतं. बाई मला कुंकू लावायला वाकल्या, तर त्यांच्या खांद्यावर, पदराच्या पिनेला सोनाराकडून डाक देऊन बसवलेला माझा गरुड.

"तुमच्याकडचाच ना हा?" त्या म्हणाल्या. "मास्तर सांगत होते, तुम्हाला याची घरात भीती वाटते."

मी मान हलवली. वाण घेतलं आणि घरी आले. यांनी तो देऊन टाकला, हे एक वेळ मी गिळलं असतं. पण मी वाळूत हात घालत होते, तेव्हा हे मागे उभे होते. तरी बोलायचं धाडस झालं नाही. वाटलं, भावासमोर तरी खरं सांगतील.

भाऊबिजेला तो आला. पाटावर बसतानाच त्याने विचारलं, "आक्का, ते पाखराच्या तोंडाचं कुठाय?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "नदीत घालवलं हो तुमच्या बहिणीनं."

मी ओवाळलं. ओवाळणी त्याने ताटात घातली नाही. उठून यांच्या हातात दिली.

"तुमच्याकडंच राहू द्या, दाजी. ही हरवंल."

यांनी ती घेतली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "अगं, त्याला करंजी वाढ."